भट्टीच्या वळणावरचा खटका

आभार मानायची वेळ आली की मिस्त्रीला घाम फुटे. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या सुरू करून दिल्या. लोक "फार उपकार झाले" म्हणत, हा "हं" म्हणे आणि हात पुसायला फडकं शोधे. आपल्यावर कुणाचे उपकार म्हणून नाहीत, याचा त्याला भारी तोरा होता.

मग बायकोच्या किडन्या गेल्या आणि तोरा आपोआप खाली आला.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दवाखाना पंचेचाळीस किलोमीटरवर, आणि मधला पूल वाहून गेलेला. पूल पडून दीड वर्ष झालं. साहेब लोक तीनदा येऊन त्याच्यासमोर फोटो काढून गेले. पडलेल्या पुलाचे फोटो काढून पूल उभा राहत असता तर एव्हाना तिथे चार पूल झाले असते. रुग्णवाहिका नदीच्या पात्रातून यायला तयार नाही. ती फक्त उद्घाटनाच्या फितीवरून जाते. पात्रातल्या दगडगोट्यांवरून चालेल अशी एकच गाडी त्या वस्तीत होती: मिस्त्रीची चारही चाकं ओढणारी जुनी डिझेल जीप. तिला आठवड्याला वीस लिटर लागत. पंपावर मिळत बारा, कारण टँकरही लांबचा वळसा घालून येई.

म्हणजे दोन खेपांतली एक खेप बुडणार. दोनदा बुडाली, तेव्हा बायकोचे पाय असे सुजले की चपलेच्या अंगठ्यात पाऊल शिरेना. मिस्त्रीने ते पाय पाहिले, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि भंगाराच्या दुकानात जाऊन मोडलेल्या ट्रकची चाळीस लिटरची टाकी उचलून आणली.

डिझेल पुरत नाही तर गाडी तळणीतून उरलेल्या तेलावर चालवायची, असा त्याचा बेत होता. टाकी त्याने जीपच्या मागच्या बाकाखाली पट्ट्यांनी आवळली. इंजिनातलं गरम पाणी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून तिच्या पोटात फिरवलं, म्हणजे आतलं खायचं तेल तापून पातळ होईल. वेगळा फिल्टर लावला. समोरच्या फळीवर एक खटका बसवला: वर डिझेल, खाली तेल. गाडी सुरू करायची डिझेलवर, तेल तापलं की खटका खाली. आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं खटका परत वर, म्हणजे नळ्यांमधलं तेल जळून जातं आणि मागे डिझेल राहतं. हे शेवटचं विसरलं तर नळ्यांत तेल थिजतं आणि गाडी दगड होते. थंडीच्या दिवसांत तर नक्कीच.

तेल येई गिरणीच्या कँटीनमधून. तिथली बाई रोज बटाट्याचे काप तळून उरलेलं तेल डब्यात भरून ठेवी. पहिल्याच दिवशी मिस्त्री तिच्यावर गुरकावला, "बाई, यात पाण्याचा थेंब असेल तर माझा पंप जाईल. नीट बघून देत जा."

बाईने झारा खाली ठेवला. "तेलात पाणी असलं की काय होतं, हे मला सांगता मिस्त्री? पंचवीस वर्षं हातावर चटके काय हौस म्हणून घेतले?" तिने तव्यावर चमचाभर तेल टाकलं. तडतड नाही, फडफड नाही. "झालं समाधान? आता चुलीपुढून बाजूला व्हा, लोक उपाशी आहेत."

तो डबा उचलून निघून गेला. आभाराचा शब्द नाही. घरी बायको म्हणाली, "फुकट तेल घेता आणि वर तिलाच दम देता?" तो म्हणाला, "टाकूनच देणार होती ती."

चार महिने जीप उत्तम चालली. मागून तळणीचा वास येई आणि वस्तीतली कुत्री आशेने पाठलाग करत. परतीच्या वाटेवर चुन्याची पडकी भट्टी लागे. तिथल्या वळणावर बायको म्हणे, "अहो, डिझेल." तो म्हणे, "माहीत आहे मला," आणि खटका वर करी. जाताना दवाखान्याच्या अलीकडे शाळेच्या कुंपणापाशीही हेच. तिचं ते सांगणं त्याला बायकांची सवय वाटे.

मग एका परतीला ती गळून गेली. रक्तदाब उतरला होता. ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मिस्त्रीने गाडी जपून आणली, दारात बंद केली, तिला हाताला धरून घरात नेलं, पायांवर पांघरूण घातलं. भट्टीचं वळण कधी आलं, कधी गेलं, त्याला पत्ताच नव्हता.

तीन दिवसांनी, पुढच्या खेपेच्या सकाळी, जीपच्या टपावर दव गोठलेलं होतं. चावी फिरवली. घर्रर्र. पुन्हा. घर्रर्र. तिसऱ्यांदा आवाज बारीक झाला आणि मिस्त्रीची नजर खटक्याकडे गेली.

खटका खाली होता.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं गाड्यांचे रोग काढणारा माणूस, आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या गाडीचा गळा दाबून बसला होता. दहाला मशीन मिळणार होतं. चुकलं तर पुढची पाळी चार दिवसांनी. बायको ओट्यावर बसली होती. पायमोजा आत्ताच घोट्यात रुतत होता.

"कँटीनवाल्या ताईंना फोन करा," ती म्हणाली.

"तिला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं तुम्हाला कळतं ना? मग बघताय काय?" आणि तिने स्वतःच फोन लावला.

अर्ध्या तासात बाई दूधवाल्याच्या टेम्पोतून उतरली. हातात उकळत्या पाण्याच्या दोन मोठ्या किटल्या, काखेत जुन्या फडक्यांचं बोचकं. तिने इंजिनात डोकावून पाहिलं.

"तेलाच्या नळ्या कुठल्या?"

मिस्त्रीने दाखवल्या.

"थिजलेल्या कढईपुढे आरडाओरडा करून तेल पातळ होतं का? चावी काय फिरवता? धरा हे." तिने फिल्टरला, नळ्यांना, पंपाला फडकी गुंडाळली, आणि वरून बारीक धारेने पाणी सोडत राहिली. वाफ निघाली. "आता तुमचं काम करा."

मिस्त्रीने खटका वर केला, पंपाची नळी सैल केली आणि हाताने डिझेल दाबत राहिला. आधी तुपासारखे पांढरट गोळे आले, मग पिवळं तेल, मग स्वच्छ डिझेल. नळी आवळली. दूधवाल्याच्या टेम्पोच्या बॅटरीची तार जोडली. चावी.

इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडून धडधडायला लागलं.

बायको ओट्यावरून उठली, बाईच्या दोन्ही हातांना धरून उभी राहिली. मिस्त्रीने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "हं."

"जा आधी," बाई म्हणाली. "उशीर होतोय तिला."

दवाखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचले. मशीनवरच्या मुलीने जागा धरून ठेवली होती, कारण बाईने तिथेही फोन केला होता. चार तास मिस्त्री बाकावर बसून नळीतून फिरणारं बायकोचं रक्त बघत होता. आत जातं, धुतलं जातं, परत येतं. एवढं चालावं म्हणून किती जणांचे हात लागले, हे त्याने पहिल्यांदा मोजलं.

परतीला बायको पुन्हा झोपली. भट्टीचं वळण दिसलं, तशी मिस्त्रीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि हळूच खटका वर केला. "टाकलं गं डिझेलवर."

"माहीत आहे मला," ती डोळे न उघडता म्हणाली.

मिस्त्री इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली.

घराकडे न वळता त्याने जीप गिरणीपाशी नेली. सकाळपासून जीपमध्येच राहिलेल्या बाईच्या किटल्या उचलल्या आणि कँटीनमध्ये शिरला. दुपारची पाळी सुटली होती, चाळीसेक कामगार खायला बसले होते. बाई झारा हलवत होती.

"ताई," तो म्हणाला, "उपकार झाले."

"काय? तळणीचा आवाज आहे, ऐकू नाही आलं."

ती मुद्दाम करत होती, हे त्याला कळलं. त्याने किटल्या ओट्यावर ठेवल्या, टोपी काढली आणि गॅरेजमध्ये ओरडायचा तसा ओरडला, "ताई, तुमचे फार उपकार झाले! आजचेही, आणि चार महिन्यांचेही!"

सगळे घास थांबले. बाईने झारा निथळवला.

"बरं," ती म्हणाली. "मागच्या दाराशी दोन डबे भरून ठेवलेत. पाणी नाहीये त्यात. बघितलंय मी."

मिस्त्रीने ते तपासले नाहीत. उचलले आणि सरळ टाकीत ओतले.