मागच्या गाडीला 'ये' म्हणणारा दिवा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या बसपुढे विटांनी भरलेला जो ट्रक चालला आहे, त्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा उघडमीट करतो आहे. तो मी. मी एक जुना इंडिकेटर आहे. माझी काच तडकलेली आहे, तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे, आणि माझ्या डब्याचा पत्रा एका बाजूने चेपला आहे. दिसायला मी कसाही असलो तरी माझा उजेड अजून स्वच्छ आहे. तीच तर पंचाईत आहे.

तुमच्या खिडक्या उघड्या आहेत, म्हणून तुमचा दंगा मला ऐकू येतो. शहादा सोडल्यापासून तुम्ही भूपेंद्र काकांच्या मागे लागला आहात. "काका, त्यानी साईड दिनी! काढा ना पुढे!" मघाशी तुमच्यातल्या अरिहंतने तर त्यांना भित्रा म्हटलं. तरी काकांनी बस मागेच ठेवली आहे. ते का पुढे काढत नाहीत, हे त्यांच्या तोंडून तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून मी सांगतो. नीट ऐका, कारण पुढे म्हसावदकडे जाताना दोन्ही अंगांना ऊस उभा असलेलं एक वळण आहे आणि आपण त्या वळणाकडेच चाललो आहोत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला पहिल्यांदा जाग आली ती शहाद्यात, इंदरचंद शेटजींच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. शेटजींचे पूर्वज मारवाडातून आलेले, पण शेटजी गिऱ्हाइकाशी बोलायचे ते अहिराणीतच. त्यांनी मला बॅटरीच्या वायरीला टेकवलं आणि मी लखलखलो. समोर म्हसावदचे उखा आबा उभे होते. "देख उखाभाऊ, कसा डोया मिचकाडस!" शेटजी हसून म्हणाले. आबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, काचेवर नख वाजवलं, आणि मी त्यांच्या ट्रकच्या पाठीवर बसलो.

पुस्तकात माझं काम एवढंच लिहिलं आहे की, गाडी उजवीकडे वळणार असली की मी पेटायचं. पण मोठ्या गाड्यांच्या रस्त्यावर पुस्तकाबाहेरचे पुष्कळ रिवाज असतात. समोरून येणाऱ्याने दोनदा डिपर मारला, की पुढे गुरं आहेत किंवा झाड पडलं आहे. रस्त्यात हिरवी फांदी टाकलेली दिसली, की पुढे कोणाची तरी गाडी बंद पडली आहे. आणि मागची गाडी मोठ्या ट्रकच्या आडोशाला अडकली, तिला पुढचं काही दिसेना, की ट्रकचा ड्रायव्हर मला लावतो. म्हणजे, समोर रस्ता मोकळा आहे, ये. मागची गाडी पुढे जाते, जाताना छोटासा हॉर्न वाजवते, आणि ट्रकवाला खिडकीतून हात दाखवतो. ना ओळख ना पाळख, तरी एकमेकांवर एवढा भरवसा. खरं सांगतो, त्या छोट्या हॉर्नसाठी मी जीव टाकायचो.

उखा आबा रोज सकाळी ओल्या फडक्याने माझी काच पुसायचे. त्यांचा मुलगा भूपेंद्र गाडी शिकत होता तेव्हा मला पुसता पुसता आबा त्याला सांगायचे, "आपले पुढलं दिखस, मांगलाले नही दिखत. त्याले आपला डोया उसना देना पडस. आनि त्यानी गाडी पुढे गयी, का आपला डोया परत ली लेवाना." भूपेंद्र मान डोलवायचा. तरुण पोरं मान डोलवतात तशी.

आबा बोलायचे तसंच वागायचे. समोर पूल, वळण किंवा चढ असला, की मागचा हॉर्न वाजवून वाजवून दमला तरी ते मला लावत नसत. रस्ता लांबवर मोकळा दिसला की मगच लावत. मागची गाडी पुढे गेली रे गेली, की मी बंद. मी पेटलो की केबिनमध्ये एक टिकटिक वाजायची, आणि आबांचे कान तिकडेच असायचे. हळूहळू या रस्त्यावर आमच्या ट्रकचा लौकिक झाला. एसटीचे ड्रायव्हर राजेंद्र तर म्हणायचे, "उखाभाऊना दिवा लागना, का मी डोया झाकीसन निंघस." मी ते ऐकून फुगायचो. आज ते वाक्य आठवलं की मला भीती वाटते.

पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण आबांनी स्वतःहून स्टिअरिंग सोडलं. ट्रक भूपेंद्रकडे आला. पोरगा वाईट नव्हता. गाडी सफाईने चालवायचा, दारूला शिवायचा नाही, म्हसावदची पपई वेळेवर पोचवायचा. त्याला फक्त गाण्याचा नाद होता. त्याने केबिनमध्ये मोठे स्पीकर बसवले. मग गाण्याच्या मध्येमध्ये टिकटिक ऐकून त्याचे कान किटले. गॅरेजवाल्याला तो म्हणाला, "ती टिकटिक डोकं खाई ऱ्हायनी, काढी टाक." गॅरेजवाल्याने एक वायर तोडली. टिकटिक गेली. मी पेटत होतो तसाच पेटत राहिलो, फक्त मी पेटलो आहे हे सांगणारं आत कोणी उरलं नाही. आबांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही.

त्या दिवसापासून मला विसरण्याची सुरुवात झाली. भूपेंद्र एखाद्या टेम्पोला साईड द्यायचा, टेम्पो पुढे जायचा, आणि मी तसाच चालू. मैलोन्‌मैल मी रिकाम्या रस्त्याला 'ये, ये' म्हणत राहायचो. मागून एखादी मोटारसायकल यायची आणि माझ्या शब्दावर पुढे जायची. समोर कोणी नसायचं, म्हणून ती वाचायची. एकदा एक जीप चढावर पुढे गेली. समोरचा ट्रक वेळेवर थांबला आणि शिव्यांवर भागलं. भूपेंद्रला वाटलं, जीपवाला वेडा आहे. मित्रांनो, खोटं एकदा पचलं की काळ सोकावतो. मला दिसत होतं की एक दिवस काहीतरी घडणार आहे. पण दिव्याला बटण नसतं. बटण माणसाच्या हाताशी असतं.

सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस होते. घोडेबाजार भरला होता. रस्त्यावर धुरळा, ट्रॅक्टर, माणसांनी भरलेल्या गाड्या. भूपेंद्र पपई भरून दोंडाईच्याकडे निघाला होता. शहाद्याबाहेर त्याने एका टेम्पोला साईड दिली. टेम्पो पुढे गेला, हॉर्न वाजवून गेला. भूपेंद्र गाणं म्हणत होता. मी चालूच राहिलो.

थोड्या वेळाने मागून एसटी आली. स्टिअरिंगवर राजेंद्र होते. आणि त्यांच्या डाव्या अंगाच्या पुढच्या सीटवर, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून, उखा आबा बसले होते. ते घोडे बघायला यात्रेला चालले होते. त्यांनी ट्रक ओळखला. मोठ्या काचेतून मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ते माझ्याकडे बोट दाखवून राजेंद्रना काहीतरी सांगत होते आणि हसत होते. बापाचं तोंड कौतुकाने कसं फुलतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पुढे पुलाच्या अलीकडे वळण होतं. दोन्हीकडे ट्रकएवढा ऊस. मला पुढचं दिसत नाही, मी तर पाठीवर बसलेलो. पण समोरून ट्रॅक्टरचा धडधडाट येत होता, तो मला ऐकू येत होता. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असा जड वाजतो. मी जीव खाऊन विझायचा प्रयत्न केला. माझा बल्ब उडावा, वायर जळावी, काहीही व्हावं असं मला वाटलं. मी लख्ख पेटत राहिलो.

राजेंद्रनी एसटी उजवीकडे काढली. त्याच क्षणी आबांचं हसू मावळलं. वळण आलं होतं आणि मी चालू होतो. वळणावर मी कधी पेटत नाही, हे आबांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी दोन्ही हात वर केले. ते ओरडले, "मांगे ली! दिवा भुलायेल शे! मांगे ली!"

उसातून ट्रॅक्टर बाहेर आला. राजेंद्रनी एसटी डावीकडे ओढली. गाडीभर माणसं वाचवायला त्यांच्यापुढे तेवढी एकच वाट होती. ट्रॅक्टर एसटीला घासून निघून गेला. पण एसटीचा डावा कोपरा आमच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर आदळला, आणि त्या कोपऱ्यात आबा होते. माझी काच तेव्हाच तडकली.

एसटीतले बाकी सगळे खरचटण्यावर वाचले. आबा गेले.

भूपेंद्र धावत मागे आला. त्याने बापाला पाहिलं. मग राजेंद्रचा शर्ट धरून विचारू लागला, "तुम्ही वळनवर काबर निंघनात? काबर निंघनात?" राजेंद्रच्या कपाळातून रक्त वाहत होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुन्हा बापनी गाडी म्हनीसन निंघनू रे."

भूपेंद्रने वळून पाहिलं. मी चालूच होतो. फुटक्या काचेतून उघडमीट करत होतो. त्याने केबिनमध्ये जाऊन मला बंद केलं. मी अगदी शांतपणे बंद झालो. इतकं सोपं होतं ते!

ट्रक पुष्कळ दिवस अंगणात उभा होता. भूपेंद्र त्याच्याकडे बघत नसे. गाडीच चालवणार नाही असं म्हणायचा. एके सकाळी त्याची आई छबूबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्यावर धूळ साचली होती. ती तिने पदराने पुसली आणि भूपेंद्रला हाक मारून म्हणाली, "गाडी सोडू नको. तुन्हा बाप जे सांगे ते आते तरी कर. लोकेस्ना पोरे जपीसन नेजो." त्यानंतर भूपेंद्र शाळेच्या बसवर लागला. तुमचे भूपेंद्र काका ते हेच, मित्रांनो. त्यांना भित्रा म्हणण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

ट्रक भंगारात गेला. मी चालू स्थितीत होतो म्हणून मला कोणीतरी काढून घेतलं, चिकटपट्टी लावली आणि या विटांच्या ट्रकला बसवलं. याच्या ड्रायव्हरचं नाव मला माहीत नाही. त्याने माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही. त्याच्या केबिनमध्ये टिकटिक नाही. पण स्पीकर आहेत. शहाद्याच्या बाहेर एका मोटारसायकलसाठी त्याने मला लावलं आणि तो विसरून गेला. आता माझ्या मागे तुम्ही आहात. तुमची दप्तरं, तुमचे डबे, तुमच्या रिबिनी मला काचेतून दिसतात. मी तुम्हा सगळ्यांना 'ये' म्हणतो आहे. आणि समोरून पुन्हा तोच जड धडधडाट येतो आहे.

"काका, दिवा कवयना लागेल शे, आपन काबर थांबेल शेतस?" अरिहंत पुन्हा ओरडला.

"खाले बठ," भूपेंद्र काका म्हणाले. "तो दिवा लागेल शे. पन माले पुढलं दिखत नही."

ते हॉर्न वाजवत आहेत. साईड मागण्यासाठी नव्हे, पुढच्याने मला विझवावं म्हणून. ट्रकवाल्याला वाटतं, मागचा उगाच घाई करतो आहे. तो खिडकीतून हात काढून 'जा ना मग' असं खुणावतो. त्याला आपण मोठे सभ्य आहोत असं वाटतं.

वळण आलं. उसातून ट्रॅक्टर बाहेर पडला. मागे दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. तो आपल्या दोन्ही गाड्यांना खेटून निघून गेला. अरिहंत खाली बसला. भूपेंद्र काकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आहे. त्यांना पाणी द्या.

मित्रांनो, तुम्ही इथे थांबलात, हे चांगलं झालं. मी पुढे चाललो आहे, म्हणून घाईघाईने सांगतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी रस्ता दाखवाल. तेव्हा आधी स्वतः पुढे बघा. आणि काम झालं की दिवा विझवा. नुसतं चांगलं मन असून भागत नाही. ज्याला तुम्ही 'ये' म्हटलं आहे, त्याची काळजी शेवटपर्यंत घ्यावी लागते. आणि कोणाचाही दिवा कितीही ओळखीचा असला तरी आपल्याला पुढचं दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका.

तुमची बस आता लहान लहान दिसू लागली आहे. तिला मागे टाकून एक पांढरी जीप भरधाव आली आहे. पुढे नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर झोपलेलं मूल. पुढे अजून एक वळण आहे, तिथेही ऊस उभा आहे. जीपवाल्याने माझ्याकडे पाहिलं आहे. तो उजवीकडे सरकतो आहे, आणि मी त्याला 'ये, ये' म्हणतो आहे.