ज्याचं ॲप, त्याचं खातं

ज्ञानेश्वरी कदमने बनवलेली ॲपं म्हणजे एकाच आईची लेकरं. नाव वेगळं, रंग वेगळा, पण नाकडोळे तेच. लातूरच्या खानावळीचं उघडा नाहीतर अहमदपूरच्या खत-बियाण्याच्या दुकानाचं उघडा. वर सरकणारे फोटो, खाली चार चौकोन, त्याखाली 'आमच्याविषयी' आणि शेवटी फोन लावायचं हिरवं बटण.

नांदेडात आयटीआय चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर ती आणि तिचा कॉलेजातला सोबती सुदर्शन हे काम करायचे. दोघांनी खपून एक साचा तयार केला होता. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव, पत्ता, फोटो साच्यात ओतायचे आणि ज्ञानेश्वरीच्या खात्यावरून ॲप स्टोअरवर चढवायचं. तालुक्याच्या गावातल्या माणसाला आपल्या दुकानाचं ॲप फोनवर दिसलं की तो घरादाराला हाका मारून दाखवायचा, आणि त्याचाच एखादा पाव्हणा पुढचं गिऱ्हाईक म्हणून हजर व्हायचा. बरं चाललं होतं.

मग एका सोमवारी स्टोअरकडून मेल आला. सुदर्शनने तो मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. या खात्यावरची सगळी ॲपं एकसारखी आहेत, एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी मांडणं नियमात बसत नाही, म्हणून ती सगळी स्टोअरवरून उतरवली आहेत. साच्यातून बनवलेलं ॲप ज्याच्या धंद्याचं आहे त्यानं ते स्वतःच्या खात्यावरून द्यावं, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना त्यातून काहीतरी खरं, वेगळं मिळावं.

"सगळीच काढली?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"सगळी. एक न्हाई ठेवलं."

दुपारपर्यंत दोघांचे फोन गरम झाले. कुणी विचारत होतं, कुणी ओरडत होतं. सुदर्शन माडीत येरझाऱ्या घालत म्हणाला, "हे बघ, घाबरायचं काम न्हाई. माझ्या मेव्हण्याच्या नावानं खातं काढू. हिरव्याचं निळं करू, चौकोनाचे गोल करू. मशीन बघतंय ते, माणूस थोडाच बघतोय?"

"न्हाई," ती म्हणाली.

"का न्हाई? समदे असंच करून राहिलेत."

"करू देत. उद्या ते खातं गेलं तर कोणाच्या मेव्हण्याकडं जायचं? त्यांनी सांगितलंय काय करायचं ते. ज्याचं ॲप, त्याचं खातं. आपण तसंच करू."

सुदर्शननं मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे. दोन दिवसांनी तिला कळलं की त्यानं तिला न सांगता अहमदपूरच्या दुकानाचं ॲप मेव्हण्याच्या खात्यावरून चढवलं होतं. ते लगेच पकडलं गेलं. मेव्हण्याचं खातं बंद झालं, आणि साचा ओळखून स्टोअरनं ज्ञानेश्वरीला तंबी दिली: पुन्हा असं आढळलं तर तुमचंही खातं कायमचं बंद होईल.

सुदर्शन खाली मान घालून उभा होता. "मला वाटलं, तुझा ताप कमी करावा."

तिला ओरडावंसं वाटलं. ओरडून झालं असतं काय? "उद्या सकाळच्या अहमदपूर गाडीला बसायचं," ती म्हणाली. "दोघांनी. खत-बियाण्याच्या वीरण्णांचं ॲप दोनदा काढलं गेलंय. ते आपण तोंडानं सांगायचं, फोनवर न्हाई."

त्या संध्याकाळी भोकरहून वडिलांचा फोन आला. स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली बारीक अक्षरात तिचं नाव यायचं, त्याचं त्यांना भारी कौतुक. हॉटेलात बसून ते लोकांना दाखवायचे. तिनं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आता तुझं नाव कुठंच येणार न्हाई?"

"न्हाई, बाबा. ज्याचं दुकान त्याचं नाव येईल."

"मग लोकाला कसं कळावं कोणी केलंय ते?"

खरं म्हणजे ते नाव बघायला तिलाही आवडायचं. नवं ॲप चढलं की ती आधी त्या बारीक अक्षरांकडंच बघायची. "चालू राहिलं म्हणजे झालं," ती वडिलांना म्हणाली आणि फोन ठेवून सकाळच्या गाडीची वेळ बघायला लागली.

वीरण्णांचं दुकान अहमदपूरच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराच्या तोंडावर. स्वतः शेतकीचे पदवीधर, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं फटकळ. काउंटरवरून त्यांनी दोघांना पाहिलं आणि गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाले. "या, या! आमचं दुकान गायब करणारे आले. उदगीरच्या पाव्हण्यानं विचारलं मला, आण्णा, धंदा बंद केलास काय म्हणून!"

"चूक आमची हाय, अण्णा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दुसऱ्यांदा काढलं ते तर आमच्या आगाऊपणानं."

सुदर्शनचे कान लाल झाले. तिनं पुढं सगळं सरळ सांगितलं. खातं वीरण्णांच्या नावानं निघेल, ओळखपत्र त्यांचं, मालकी त्यांची. ती फक्त बनवेल आणि सांभाळेल.

"आणि तू उद्या धंदा सोडलास तर?"

"तरी ॲप तुमच्यापाशी राहील. दुसऱ्या कोणाकडूनही करून घेता येईल."

वीरण्णांचा पारा जरा खाली आला. त्यांनी चहा सांगितला. तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला पाहिजे होता. "अण्णा, आपलं ॲप वापरायचं कोण?"

वीरण्णा हसले. "खरं सांगू? कोणी न्हाई. मीच रोज एकदा उघडून बघायचो. आपलं नाव बघायला बरं वाटतंय की!"

सुदर्शन हसला. ज्ञानेश्वरीला मात्र ते लागलं. इतकी ॲपं बनवली, ती काय नुसती पाट्या म्हणून?

तेवढ्यात केरबा नावाचा एक शेतकरी पिशवीतून सोयाबीनचं उपटलेलं रोप घेऊन आला. वीरण्णांनी पान उलटून खालची बाजू पाहिली, देठ नखानं चिरला, पेरणी कधीची विचारली, आधी काय फवारलं ते विचारलं. मग औषध देऊन म्हणाले, "एवढ्यासाठी आख्खा दिवस मोडलास व्हय? फोटो पाठवायचा की."

"पाठवला होता की, आण्णा," केरबा म्हणाला. "तुमीच म्हणलाव, दिसंना."

"दिसंल कसा? वरूनच काढलास. खालून कोण काढंल?"

ज्ञानेश्वरीनं हातातला चहा खाली ठेवला. "अण्णा, आम्ही दिवसभर इथं बसलो तर चालंल का?"

ते बसले. रोपं येत होती, पानं येत होती, आणि वीरण्णा जवळपास तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारत होते. सुदर्शन आधी कंटाळला, मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. परतीच्या गाडीत तो स्वतःहून बोलला, "पान वरून, पान खालून, पेरणीची तारीख, मागची फवारणी. एवढं भरल्याबिगर फोटो पुढं जाऊच द्यायचा न्हाई. आणि अण्णांनी उत्तर बोलून द्यायचं, त्यांच्या आवाजात. लिहायला त्यांना टाइम कुठं?"

"वाड्या-वस्त्यांवर रेंज नसते," ती म्हणाली.

"फोटो फोनातच ठिवायचा. रेंज आली की आपोआप जाईल. ते माझ्याकडं लागलं."

लातूरला तिचं दुसरं गिऱ्हाईक होतं, महामाया गायकवाड. ट्यूशन एरियात डॉक्टरकी-इंजिनिअरिंगची तयारी करणाऱ्या मुलींसाठी त्यांची खानावळ होती. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी सरळ नकारच दिला. "मला नको माय आता ते. पोरींना भूक लागली की पोरी येतात. ॲप बघून कोण जेवायला येतंय?"

ज्ञानेश्वरीनं वाद घातला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटणाऱ्या बायांमध्ये बसली. रात्रीची जेवणं उरकली तेव्हा भाताचं अर्धं पातेलं तसंच उरलं होतं. महामायाताईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. "कोणत्या क्लासची परीक्षा असंल. पोरी तिकडंच वडापाव खाऊन पडल्या असतील. आणि उद्या कमी टाकलं की सगळ्या येतील. अन्न फेकायला जिवावर येतंय बघ."

"ताई, दुपारी पोरींना एकच प्रश्न विचारला तर? आज जेवायला हाय का न्हाई. दुसरं काहीच न्हाई त्यात."

महामायाताईंनी पातेल्याकडं पाहिलं. "हाव, मग कळंल मला तांदूळ किती टाकायचा ते." मग त्या म्हणाल्या, "पण खात्याला माझं आधार लागणार ना? कुठं कुठं फिरंल ते? लोकांची बँकेतली खाती रिकामी झालेली ऐकून हाय मी."

त्यांची भीती खोटी नव्हती. ज्ञानेश्वरीनं कार्ड हातात घेतलंच नाही. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, आणि एकेक अक्षर त्यांच्याच बोटांनी दाबायला लावलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा ती उठून दारात जाऊन उभी राहिली. "मला सांगू नका, ताई. कोणालाच सांगू नका. तुमच्या खात्यात माझ्यापुरता कामाचा दरवाजा तुम्ही नंतर परवानगी देऊन उघडा, आणि वाटलं तेव्हा लावून घ्या."

महामायाताई हसल्या. "आता आली मला हुशारी," म्हणाल्या, आणि अक्षरं शोधत शोधत त्यांनी आपलं नाव पूर्ण केलं.

पुढं एक नवीच अडचण. नव्या खात्याचं ॲप सगळ्यांसाठी खुलं व्हायच्या आधी काही माणसांनी ते सलग दोन आठवडे फोनमध्ये ठेवून वापरून दाखवायचं होतं. खानावळीच्या मुलींनी ते हसत खेळत केलं. उलट 'आज भेंडी आहे का तेही सांगा' अशा मागण्या सुरू केल्या. वीरण्णांच्या शेतकऱ्यांचं मात्र अवघड होतं. फोनची मेमरी देवाच्या फोटोंनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. जागा कमी पडली की बिचाऱ्या ॲपवरच कुऱ्हाड यायची. सुदर्शननं वीरण्णांची मोटारसायकल घेतली आणि गावोगाव फिरला. बांधावर बसून लोकांचे फोन साफ केले, परवानगी विचारून एकेक व्हिडिओ काढून टाकला, पुन्हा ॲप घालून दिलं. केरबाच्या घरी जेवला. उन्हानं काळा होऊन परत आला आणि म्हणाला, "एकानं नुसतं बैलाचं तोंड पाठवलं. पण बाकीच्यांनी पानं खालून काढली, बघ!"

महामायाताईंचं ॲप पास झालं. वीरण्णांचं परत आलं. कारण तेच: इतर ॲपसारखं दिसतं.

सुदर्शन टेबलावर डोकं टेकून बसला. "आता अजून काय पाहिजे यांना? आतलं सगळं नवं केलंय!"

ज्ञानेश्वरीनं फोन हातात घेऊन ॲप उघडलं. वर सरकणारे फोटो. खाली चार चौकोन. 'आमच्याविषयी'. हिरवं बटण. नवीन जे काही होतं ते तिसऱ्या चौकोनाच्या आत दडलेलं. महामायाताईंच्या ॲपमध्ये प्रश्नच एक होता म्हणून दर्शनी पान ठेवलंच नव्हतं. इथं मात्र सवयीनं राहून गेलं होतं.

"हे पान काढून टाकू," ती म्हणाली.

"आख्खं? अगं, याच्यावर आपण वर्ष घातलंय. हाच तर आपला साचा हाय."

"म्हणूनच. आतला सांगाडा राहू दे. पण केरबाला वीरण्णांच्या दुकानाचे फोटो कशाला पाहिजेत? दुकान त्याला माहीत हाय. ॲप उघडलं की सरळ कॅमेरा आला पाहिजे."

सुदर्शननं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "तूच काढ. माझा हात होत न्हाई."

तिनं काढलं. काढताना तिलाही कसंतरी झालं, पण हात थांबला नाही. मग दोघांनी मिळून वीरण्णांचं ॲप पहिल्यापासून मांडलं. उघडलं की कॅमेरा, आणि वर मोठ्या अक्षरांत एवढंच: आधी पान वरून दाखवा.

सगळीच गिऱ्हाइकं राहिली नाहीत. एका वकिलाला आणि कपडे इस्त्री करणाऱ्या दुकानदाराला तिनं स्वतःच सांगितलं की तुम्हाला ॲपची गरज नाही, फोन नंबरची पाटी मोठी करा. काहीजण रागावून दुसरीकडं गेले. मेव्हण्याच्या खात्यावरून काम करून देणारे नांदेडात कमी नव्हते. माडीवरचं काम आता सावकाश होत होतं. जिथं आठवड्यात ॲप निघायचं तिथं महिना लागायचा. पण आपण काय बनवतोय हे दोघांनाही सांगता येत होतं, आणि तिला ते पुरेसं वाटत होतं.

वीरण्णांचा फोन आला तेव्हा ती लातूरच्या गाडीत होती. त्यांचा आवाज अख्ख्या गाडीला ऐकू गेला असेल. "आलं गं पोरी, आलं! माझ्या नावानं आलं! आणि ऐक, सकाळपासून पानं येऊन राहिलीत. वरून, खालून, दोन्ही. बोलून बोलून घसा बसला माझा!"

"घसा सांभाळा, अण्णा. सीझन अजून लई हाय."

चाकूरला ती उतरली. स्टँडच्या मागं सरजाबाई नावाच्या बाईंचं शेवया आणि पापडाचं दुकान होतं. ॲप पाहिजे म्हणून त्यांचा निरोप आला होता. सरजाबाईंनी खुर्ची पुसून दिली आणि हौसेनं विचारलं, "मग, कोणता रंग घ्यावा म्हणता?"

"रंगाचं मागून बघू, मावशी," ज्ञानेश्वरी म्हणाली. लॅपटॉपची पिशवी न उघडता तिनं ती भिंतीशी ठेवली आणि बाजूच्या बाकावर बसली. "आज मला नुसतं बसू द्या. गिऱ्हाईक आलं की तुमी तुमचं काम करा."

सरजाबाईंनी जरा संशयानं तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात एक बाई रिकामा डबा घेऊन दारात आली, आणि त्या तिच्याकडं वळल्या.