लांबलेला परिपाठ

छायाबाईंच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक आणि दोन तऱ्हेची पोरं होती. एक गावची, दुसरी द्राक्षांची.

गावची वर्षागणिक कमी होत चालली होती. पिंपळगावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता मळ्याच्या फाटकापर्यंत येऊ लागली होती ना! द्राक्षांची म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला येणाऱ्या मजुरांची. ती दसऱ्याच्या सुमारास छाटणीला यायची आणि शिमग्याला आईबापांबरोबर डोंगरात परत जायची. वार्षिक परीक्षा एप्रिलात. म्हणजे पोर पटावर आहे, पेपराला नाही, आणि निकालात नापास. केंद्राच्या बैठकीत निकाल वाचून दाखवायचे तेव्हा छायाबाई पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसत.

त्या वर्षी, दोन हजार एक साली, गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष कारभारीतात्या स्वतः शाळेत आले.

"बाई, आपल्या गावाचं नाव लय खराब व्हायलंय. ह्या मजुरांच्या पोरांची नावं परीक्षेआधी कमी करून टाका. निकाल कसा टणकन वर येतो बघा."

"मजूर कोणाचे, तात्या?"

"आमचेच की."

"आणि तुमचा नातू?"

"तो जातो पिवळ्या गाडीनं," तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नाव कमी करणं म्हणजे एक रेघ. पण त्या रेघेखाली सरू येत होती. सरू गेल्या साली परीक्षेला नव्हती, म्हणून पुन्हा चौथीत बसली होती. आपल्यापेक्षा वीतभर बुटक्या पोरांत गुडघे पोटाशी घेऊन बसायची, आणि दुसरे शिक्षक दीपकसर गणित घालून वळेपर्यंत उत्तर काढून मोकळी व्हायची. चौथी पास झाली तर आश्रमशाळेत पाचवीला जागा मिळणार होती. यंदाही हुकली, तर बाप तिच्या हातात छाटणीची कात्री देणार होता. त्याने तसं सांगूनच ठेवलं होतं, रागाने नव्हे, कामाचं वय झालं म्हणून.

छायाबाई संध्याकाळी बागेच्या कडेच्या खोपटांकडे गेल्या. सरूची आई सगुणाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"सगुणाबाई, यंदा शिमगा इथंच केला तर? शाळेच्या पटांगणात होळी पेटवू. लाकडं मी देते."

सगुणाबाई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "बाय, होळी कुठं पाव्हण्याच्या दारात लावत्यात? आमची होळी आमच्या पाड्यावर. देव वाट बघतो ना तिथं."

"बरं, होळी झाल्यावर परत या. तात्यांना एप्रिलातल्या खरड छाटणीला माणसं लागतातच."

"गडी येत्यात. आम्ही बाया नाय येत. पोरं कुठं ठेवायची? उन्हाची बागंत करपवायची का?"

छायाबाई तशाच उठून तात्यांच्या ओट्यावर गेल्या. "तात्या, एप्रिलात छाटणीला तुम्हाला बाया का मिळत नाहीत, ठाऊक आहे?"

"भाव खात्यात, दुसरं काय!"

"पोरांसाठी थांबतात. पोरं माझ्याकडे सोपवा. तुमचा टेम्पो परीक्षेआधी पाड्यावर पाठवा, आया आणि पोरं एकाच फेरीत येतील. तुम्हाला हात, मला हजेरी."

तात्यांनी सुपारी कातरता कातरता हिशेब लावला. "पण माल उतरल्याबिगर टेम्पो मोकळा नाय व्हायचा. आदल्या दिवशी धाडतो."

पेपराच्या दिवशी सकाळी टेम्पो आला नव्हता. आले ते शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. निकालात तळाला असलेल्या शाळेची परीक्षा स्वतः बघायची म्हणून मुद्दाम आले होते. "परिपाठ झाला की लगेच पेपर," ते म्हणाले.

परिपाठ! छायाबाईंना देवच पावला. परिपाठ चालू असताना साहेब झाला तरी मध्ये बोलत नाही.

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. प्रार्थना एरवी एकच व्हायची, त्या दिवशी तीन झाल्या. पंचांगात बाईंनी नक्षत्रसुद्धा सांगितलं. सुविचार प्रत्येकाकडून घेतला. एकाने घाबरून "डावीकडून चालावे" सांगितलं, तोही फळ्यावर लिहिला. दीपकसर फाटकात टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होते. मग बोधकथा. सशाला झाडाखाली गाढ झोपवून बाईंनी कासव नेहमीपेक्षा बरंच सावकाश चालवलं.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बाई, कासव आज पोचणार का?"

"पोचेल साहेब. मध्ये घाट आहे."

तेवढ्यात दीपकसर ओरडले, "आला! आला!"

रात्री घाटात टायर फुटलेला टेम्पो धुरळा उडवत आला. मागून बाया, बोचकी, एक कोंबडी आणि पोरं अशी सगळी एकदमच खाली उतरली. सरू कोरड्या केसांनी, अनवाणी, पळतच रांगेत येऊन उभी राहिली. साहेबांनी टेम्पोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"कासवाचं बघून घ्या पुढे," ते म्हणाले, "आणि त्यांना आधी पाणी पाजा. पेपर दहा मिनिटांनी वाटू."

एक मेला निकाल लागला. सगळी काही पास झाली नाहीत. दोघांनी भाषेच्या पेपरात नुसती चित्रं काढली होती, चांगली काढली होती. पण शाळा तळातून वर सरकली, आणि तात्या निकाल सगळ्यांना असा वाचून दाखवत होते, जणू पेपर त्यांनीच लिहिले. सरू पास होती. गणितात पहिली, मराठीत काठावर.

छायाबाईंनी दाखला तिच्या हातात दिला. "आता आश्रमशाळा. पाचवी."

सरूचा चेहरा पडला. "मंग इथं नाय यायाचा?"

"नाही गं. इथली पुस्तकं संपवलीस तू."

"हां. मंग आधीच सांगायाचा ना बाई!"

ती डोळे पुसत पाड्यावर परतणाऱ्या टेम्पोकडे गेली आणि परत आली. मागे शेंबूड ओढत तिची धाकटी बहीण होती. सरूने तिला खांद्याला धरून पहिल्या रांगेत, भिंतीला टेकवून बसवलं आणि बाईंना बजावलं, "हिला शिमग्याला आम्ही न्यायाचाच. पण टेम्पो पुढल्या साली जरा आधी धाडा."