तिकडचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने, बिनकाचेचे, भिंतीवरचे घड्याळ आहे. वेळ मी बरोबर दाखवतो, फक्त ती या घरातली नसते. एखादा नवा पाहुणा माझ्याकडे बघून "अरे बापरे, एवढे वाजले?" म्हणत ताडकन उठतो, आणि घरातले सगळे हसतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडे एका रांगेत पुढे सरकत होती आणि सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर हसऱ्या चेहऱ्यासारखे उभे होते. तिथून माझी रवानगी एका शाळेत, तिसरीच्या वर्गात झाली. तिथे एकदा मधल्या सुट्टीत चेंडू आला आणि माझी काच गेली.

"काढून टाका ते," मुख्याध्यापक म्हणाले.

"थांबा हो," वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आता तर ते खरं कामाला येईल."

बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि मुलांना माझे काटे हाताने फिरवायला सांगितले. सव्वा, साडे, पावणे, हे सगळे मुले माझ्यावर शिकली. एक पठ्ठ्या मात्र काहीही विचारले तरी शाळा सुटायचीच वेळ लावून दाखवायचा. बाई त्याला रागावत नसत. "मनातलं बरोबर दाखवलंस, आता मी विचारलेलं दाखव," म्हणत. किती बोटे माझ्या काट्यांवरून फिरली! आकड्यांचा रंग फिका झाला, पण काम करताना झिजणे मला कधी खुपले नाही.

मग एके वर्षी दूरच्या देशातल्या एका शाळेशी अदलाबदल ठरली. तिथल्या एक बाई इकडे येणार, आमच्या बाई तिकडे जाणार. वर्षभर एकमेकींचा वर्ग घ्यायचा आणि एकमेकींच्या घरी राहायचे. एकीने मध्येच सोडले तर दुसरीलाही परतावे लागेल, असे कागदावर ठरलेले होते.

बाईंची मुलगी तेव्हा तिसरीतच होती. घरात तिला सगळे टिकली म्हणत. निघण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी मला घरी आणून स्वयंपाकघरात, घरच्या घड्याळाशेजारी टांगले. माझे काटे त्या दुसऱ्या देशाच्या वेळेवर लावले आणि खाली चिठ्ठी चिकटवली, 'तिकडे'.

"याच्याकडे बघितलंस की मी काय करतेय ते कळेल," त्या टिकलीला म्हणाल्या. "आणि अगदीच राहवलं नाही, तर रविवारच्या फोनवर सांग. मी परत येईन. पण आधी राहून तर बघ."

बाई गेल्या आणि पाहुणीबाई आल्या. त्या उंच होत्या, हळू बोलत, आणि पुस्तकातून आपली भाषा शिकून आल्या होत्या. भाजी वाढली की म्हणत, "भाजी सुंदर आहे." पंखा लावला की, "वारा सुंदर आहे." पहिल्याच दिवशी त्या दारालाही सुंदर म्हणाल्या.

"ऐकलंस का रे दादा?" टिकलीची आत्या तिच्या बाबांना म्हणाली. "आपलं दार सुंदर आहे म्हणे. आता रंग द्यायलाच हवा, लाज राखायला."

सगळे हसले. टिकली हसली नाही. ही बाई शाळेत आईच्या खुर्चीवर बसत होती आणि घरी आईच्या कपाने चहा पीत होती. त्यावर कहर म्हणजे रोज सकाळी तोच कप हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहायची.

"ते माझ्या आईचं घड्याळ आहे," टिकलीने एकदा ऐकवले.

"हो," म्हणून पाहुणीबाई बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तिथेच.

थंडीच्या सुरुवातीला टिकलीने ठरवून टाकले. आता बास. या रविवारी आईला 'परत ये' सांगायचे. हे तिने फक्त आत्याला सांगितले. आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

बाईंचा फोन तिकडच्या दुपारी बारा वाजता यायचा, तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असे. त्या रविवारी माझे दोन्ही काटे एकमेकांवर आले. टिकली फोनपाशी मांडी ठोकून बसली होती. फोन वाजला नाही. मोठा काटा खाली उतरू लागला, तरी वाजला नाही. टिकलीला रडू फुटले.

"आई विसरली मला."

"विसरायला तू काय छत्री आहेस?" आत्या म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

रडण्याचा आवाज ऐकून पाहुणीबाई बाहेर आल्या. काय झाले ते आत्याने सांगितले. त्यांनी वर माझ्याकडे बघितले आणि एकदम कपाळावर हात मारला.

"घड्याळ चूक! आमच्याकडे थंडी आली की सगळे लोक घड्याळ एक तास मागे करतात. काल रात्री केलं. इथे कोणी केलं नाही. मी पण विसरले."

त्या स्टुलावर चढल्या आणि एका बोटाने माझा काटा हलकेच मागे फिरवला. बोट मात्र त्यांनी लगेच काढले नाही.

"आता माझा मुलगा उठला," त्या माझ्याकडे बघतच म्हणाल्या. "रविवारी उशिरा उठतो. तुझी आई त्याला दूध देते. मी रोज इथे बघते. आता शाळेत गेला, आता जेवला, आता झोपला."

टिकलीचे रडे थांबले. "केवढा आहे तो?"

"तुझ्याएवढा."

"तो रडतो?"

"फोनवर नाही," पाहुणीबाई म्हणाल्या. "तुझी आई सांगते, नंतर रडतो."

टिकली माझ्याकडे बघत बसून राहिली. माझे काटे पुन्हा एकमेकांवर आले आणि फोन खणखणला. आत्या पदराशी चाळा करत उभी राहिली. पाहुणीबाई आपल्या खोलीकडे निघाल्या होत्या.

"आई," टिकली म्हणाली आणि थांबली. मग एका दमात म्हणाली, "त्या मुलाला सांग, त्याची आई इथे नीट जेवते. आणि तिला आमचं दार आवडतं."

पाहुणीबाई दारातच थबकल्या.

वर्ष पुरे झाले. दोघी आपापल्या घरी परतल्या. पुढे वर्षानुवर्षे बाई मला जपत राहिल्या. मग त्या आजारी पडल्या, आणि माझा सेल संपल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. कोणीतरी मला कपाटात ठेवले. तिथे अंधारात असतानाच मला कळले, की बाई गेल्या.

काही दिवसांनी टिकलीने कपाट आवरायला काढले. आता तिच्याही केसांत एखादी चांदीची तार आहे.

"काच नाही, चालत नाही," म्हातारी आत्या म्हणाली. "ठेवून काय करायचंय, सांग."

टिकलीने नवा सेल घातला. मी टिकटिकू लागलो. तिने काट्यावर बोट ठेवले, पण ते पुढे सरकेना.

"इकडचीच वेळ लाव," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आता तिकडे आपलं कोण आहे?"

बोट तसेच राहिले. त्याच संध्याकाळी फोन आला.

"मी घड्याळ बघून फोन केला," पाहुणीबाईंचा आवाज थकला होता, भाषा मात्र तीच. "तुझं काम झालं असेल. चहा झाला असेल." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात तुमच्या वेळेचं घड्याळ आहे. परत आले तेव्हा लावलं. आई काय करत असेल, मी रोज बघत होते. आता तू काय करतेस, ते बघते."

टिकलीने डोळे पुसले.

"तुमच्याकडे किती वाजलेत?" तिने विचारले, आणि त्यांनी सांगितले तिथे माझे काटे लावले.

मित्रांनो, बंद पडलेले घड्याळ टाकून देण्याआधी एकदा सेल बदलून बघा. आणि आपले कोणी दूर असेल, तर तिकडे आता सकाळ आहे की रात्र, एवढे तरी माहीत असू द्या. माझे म्हणाल, तर मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. थंडी सुरू झाली की टिकली स्टुलावर चढते आणि मला एक तास मागे घेते. आता तिला आठवण करून द्यावी लागत नाही.