अगदी मागच्या बाजूला

"सिस्टर, तुमच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही. रबर गेलंय," बायकोला घेऊन दवाखान्यात आलेला, फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला. "यातलं औषध मी बायकोला टोचू देणार नाही."

नर्स वैतागली. "मग घरी न्या. दोन ते आठ डिग्रीत ठेवा. गोठलं तर मात्र फेकून द्यावं लागेल."

"आता फ्रिज तुम्ही मला शिकवा!"

मिस्त्रीचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि बिचाऱ्याला कारणही होतं. बायकोच्या नडगीवरची जखम एका डॉक्टरने साफ करायची म्हणून खरवडली, तर ती दुप्पट झाली. दोन वर्षं मलमं चोळली. मग नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जंतूंचं काम नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच कातडीवर उलटलीय, तिला हे इंजेक्शन आवरेल. कुंपणच शेत खातं म्हणे! मिस्त्रीला हीसुद्धा थापच वाटली. दोन इंजेक्शनांनंतर नर्स म्हणाली, जखम आक्रसतेय. त्याने स्वतःच्या टेपने मापून पाहिली. खरंच आक्रसली होती.

तिसरं इंजेक्शन त्याने घरी आणलं. मुलगी सारखी फ्रिज उघडते, म्हणून अगदी मागे ठेवलं, आणि तरी खात्री वाटेना म्हणून थंडी वाढवायला थर्मोस्टॅट दोन आकडे पुढे केला.

सकाळी सिरिंज हातात घेतली, तर आत बर्फ. मागची बाजू सगळ्यात थंड, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा.

दहा वाजता नर्स घरी आली, तोवर औषध वितळून पाण्यासारखं नितळ झालं होतं. गप्प राहिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. नर्सने कापूस काढला.

"टोचू नका," तो म्हणाला. "रात्री गोठलं होतं."

"अहो, दुसरं यायला महिना लागेल!"

बायको पायाकडे बघत राहिली. महिनाभरात जखम पुन्हा पसरू शकते, हे तिघांनाही ठाऊक होतं. मिस्त्रीला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

नर्सने औषध वाया गेल्याचा फॉर्म काढला. त्याचा चेहरा पाहून ती हळूच म्हणाली, "वीज गेली होती, असं लिहू का?"

"वीज गेली नव्हती. मी केलं. तसंच लिहा."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, आज पट्टी तुम्ही बांधा."

तो खाली बसला. जुनी पट्टी हळूच सोडली.

"दुखलं तर सांग."

"सांगते," ती म्हणाली, आणि पट्टी बांधून होईपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली.