मुठीत मावणारी कांडी

अंगदनं पुण्याहून कुरिअरनं पाठवलेलं पुडकं सायलीनं लॅबच्या काउंटरवरच फोडलं. आत गुलाबी रंगाची कीचेन निघाली. तिच्या कडीला तीन वस्तू लटकत होत्या. एक धातूची कांडी, मुठीत धरली तर दोन्हीकडून जराशी बाहेर डोकावेल एवढी. एक अलार्म, पिन ओढली की कोकलणारा. आणि मिरचीच्या फवाऱ्याची इवलीशी बाटली. लगोलग भावाचा फोनही आला.

"आता तू कुठंबी जा, मला काळजी न्हाई," अंगद म्हणाला.

सायलीला मात्र फोन ठेवल्या ठेवल्या प्रश्न पडला, याचा खरंच उपयोग होतो का? केजच्या त्या छोट्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. एखादा आकडा विचित्र आला की पुन्हा नमुना लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरचे म्हणायचे, हिला साखर गोड हाय म्हणून सांगितलं तरी ही चाखून बघंल. आणि अंगदनं तर या खेळण्यावर अख्ख्या बहिणीचा भार टाकून मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

"करूनच बघू की," काउंटर सांभाळणारी अफसाना म्हणाली. तिला तर निमित्तच हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत अफसाना रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि सायलीनं लॅबच्या पायरीवरून अलार्मची पिन ओढली. आवाज असा निघाला की तिच्याच कानाला दडे बसले. पण बाजाराचा दिवस होता. रस्त्यात टेम्पो अडकले होते, कुणी हॉर्नवरचा हात काढत नव्हतं. रसवंतीवाल्यानं मान वर केली, कुणाची तरी गाडी मागं येत असेल म्हणून आपली बाकडी आत ओढली आणि पुन्हा उसाकडं वळला.

"ऐकू तर आलं सगळ्यांना," अफसाना परत येऊन म्हणाली. "पण बाई संकटात हाय, आसं कुणालाच वाटलं न्हाई."

मग फवारा. त्यासाठी दोघी गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीवर नेम धरून सायलीनं बटण दाबलं. धार सरळ निघाली, टाकीपर्यंत पोचलीही, पण वारं समोरचं होतं. पुढच्याच क्षणी दोघी डोळे मिटून, खोकत, एकमेकींचा हात धरून जिना चाचपडत होत्या. नळाखाली तोंड धुता धुता अफसाना म्हणाली, "काम करतंय, न्हाई म्हणता येत न्हाई. कुणावर करतंय, तेवढं बघाया लागंल."

राहिली कांडी. अफसानाचा थोरला भाऊ जाकीर याचं मोटारसायकलींचं गॅरेज चौकातच होतं. हल्लेखोर व्हायला तो तयार झाला. फक्त अंगात जाड जर्किन घालून उभा राहिला. सायली पर्स खांद्याला लावून चालत आली, त्यानं मागून तिचं मनगट धरलं. सायली पर्स चाचपू लागली. रुमाल लागला, डबा लागला, चार्जर लागला.

"झालं, सोडू का?" जाकीरनं विचारलं. "मी आतापर्यंत आंबाजोगाईला पोचलो आसतो."

दुसऱ्या वेळी तिनं कांडी आधीच मुठीत धरली. त्याच्या दंडावर मारली, त्याला काही कळलंही नाही. पोटावर मारली तेव्हा तो हसला. मग त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूला, कातडीखाली लगेच हाड लागतं तिथं, तिनं नुसती दाबली. जाकीरनं हात असा मागं घेतला, जणू तापलेल्या सायलेन्सरला लागला.

"ही जागा ध्यानात ठेव," हात झाडत तो म्हणाला. "बाकी मग पळायचं. उभं राहून लढाई न्हाई करायची."

त्या दिवसापासून सायली गावाहून केजला ये-जा करायच्या जीपमध्ये बसताना कांडी मुठीत धरू लागली. मनात चित्र एकच असे: सुनसान रस्ता, अंधार, अनोळखी माणूस.

घडलं ते भर दुपारी, खचाखच भरलेल्या जीपमध्ये, आणि माणूस गावातलाच निघाला.

रविवार असल्यानं लॅब लवकर बंद झाली होती. मैनुद्दीनचाचांच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकड्यावर ती बसली. शेजारी बंकट, माजी सरपंच सुंदररावांचा पुतण्या. पांढरे कडक कपडे, कपाळी गंध. चढताना त्यानं "बाबा बरे हायेत का?" असं विचारलंही होतं. समोर छबुबाई, वरच्या आळीतली, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन.

केज सोडल्यावर रस्ता खराब लागला. पहिल्यांदा सायलीला वाटलं, धक्क्यानं लागलं असेल. तिनं अंग चोरलं. मग पर्सच्या आडून बंकटचा हात तिच्या मांडीवर आला आणि तिथंच थांबला. तो स्वतः खिडकीबाहेर बघत होता.

 तशातही सायलीचं डोकं चालू होतं, याचं तिला पुढं कितीतरी दिवस नवल वाटलं. फवारा नको, सगळी जीप खोकेल, मैनुद्दीनचाचांच्या हातात स्टिअरिंग आहे. अलार्मचं तर पाहिलंच होतं. तिनं पर्सखालची मूठ उचलली आणि कांडीचं टोक त्याच्या पंजाच्या हाडांवर जीव खाऊन दाबलं.

बंकट कळवळला. हात छातीशी धरून मोठ्यानं म्हणाला, "काय टोचलं हे? काय घेऊन बसलीस गं पोरी?"

सगळी जीप तिच्याकडं बघू लागली. तिच्या मुठीतून कांडी दिसत होती.

"बघा, हत्यारं घेऊन हिंडायल्यात पोरी," बंकट म्हणाला. "माणसानं बसावं तर कुठं?"

हे कुठल्याच परीक्षेत आलं नव्हतं. हात तर हटला होता, पण आता गुन्हेगार तीच झाली होती. कांडी इथं काही करू शकत नव्हती. सायलीचे कान तापले. तरी ती बोलली, कापऱ्या आवाजात.

"माझी मूठ माझ्या पर्सखाली होती, माझ्या मांडीवर. बंकटभाऊ, तुमचा हात तिथं कसा काय आला?"

  लोकांची नजर हळूहळू बंकटच्या हातावरच्या लाल खुणेकडं गेली.

"मैनुद्दीन, थांबव रे," छबुबाई म्हणाली.

चाचांनी आरशातून एकदा पाहिलं आणि जीप बाभळीपाशी कडेला घेतली. "बंकटराव, मागून दुसरी गाडी येतीय," एवढंच ते बोलले. बंकट उतरला. छबुबाई उठून सायलीशेजारी येऊन बसली. सायलीला रडू आलं ते तेव्हा.

संध्याकाळी सुंदरराव घरी आले. सायलीचे वडील विठ्ठलराव ओसरीवर होते. "पोराचा हात सुजलाय," सुंदरराव म्हणाले. "गैरसमज झाला आसंल. पण पोरीनं आसलं काही जवळ बाळगू नये, तुमी सांगा तिला."

"बोलतो मी तिच्याशी," विठ्ठलराव खाली मान घालून म्हणाले. आत उभ्या सायलीला हे शब्द बंकटच्या हातापेक्षा जास्त लागले.

पाहुणा गेल्यावर त्यांनी तिला हाक मारली. "ती कांडी दाखव बरं."

तिनं दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, मग आपल्याच पंजावर टेकवून दाबली आणि हात झटकला. बराच वेळ ते ती जागा चोळत बसले. "किती जोरात दाबलीस गं?" त्यांनी विचारलं.   मग कांडी तिच्या हातात परत ठेवून ते म्हणाले, "उद्या जीपपर्यंत मी येतो."

सकाळी थांब्यावर बंकट उभा होता, हाताला पट्टी बांधून. विठ्ठलराव त्याच्यापासून दोन पावलांवर जाऊन उभे राहिले आणि त्याच्याकडं बघत राहिले. जीप आली तेव्हा बंकट चढला नाही.

आत छबुबाईनं जागा धरून ठेवली होती. गाडी हलल्यावर तिनं हळूच कांडी मागून घेतली.

"मावशी, खरं सांगा," सायलीनं विचारलं, "ही नसती तर काल मी बोलले आसते का?"

"ते मला काय ठाव? पर तू बोलली नसतीस, तर मी गाडी थांबीवली नसती." छबुबाईनं मूठ वळायचा प्रयत्न केला. संधिवातानं सुजलेली बोटं कांडीभोवती अर्धीच वळली, आणि खड्डा लागताच ती तिच्या ओच्यात पडली. "माझ्या हातात तर ऱ्हाईना ही. मला काय चालंल गं?"

सायलीनं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि कुठलं बोट किती वळतं, ते एकेक करून बघू लागली.