माझ्या दातांवरचं मीठ

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. झालात ना गप्प? हार्ड डिस्क म्हटलं की तुमच्या माना लगेच हलतात, कारण तुमचे फोटो, गाणी, सिनेमे सगळं तिच्या पोटात असतं. पण तिच्या पोटातलं बाहेर आणायचं आणि बाहेरचं आत पोचवायचं, ही हमाली कोण करतं? मी! तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि खाली सोनेरी दातांची एक रांग, एवढाच माझा देह. त्या दातांनी मी संगणकाला घट्ट धरून बसतो. इतकी वर्षं चाकरी केली, पण कुणी कौतुकानं माझं नाव घेतलं असेल तर शपथ.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला जाग आली ती थेट तारापूरच्या किनाऱ्यावर, एकनाथच्या घरात. एकनाथ बोटीवर जातो आणि त्याची बायको वत्सला मासळी सुकवून विकते. त्यांच्या मुलीनं, भाविकानं, नवा संगणक आणला, पण घरातल्या जुन्या हार्ड डिस्कचं रुंद तोंड त्याला बसेना. मग सरावलीच्या मिथुन मेकॅनिकनं दोघांच्या मध्ये मला बसवून सोयरीक जुळवली.

त्या डिस्कच्या पोटात तानीआजीची गाणी होती. तानीआजी ही वत्सलाची आई. गावात कुणाचीही हळद असो, गाणी तिनंच म्हणायची. भाविकानं ती मोबाइलवर भरून घेतली आणि डिस्कमध्ये ठेवली. पुढे तो मोबाइल बोटीवरून समुद्रात पडला, आणि मागच्या वर्षी आजीही गेली. आता खुद्द भाविकाची हळद तोंडावर आली होती. "माज्या पोरीच्या हळदीला माजी आयच गानार," असं वत्सलानं साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात मळभ दाटलं. मुलीच्या सासरी पाठवायचे बोंबील काही केल्या वाळेनात. वत्सलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. अशात एका दुपारी धूळ पुसताना तिच्या हाताला संगणकाच्या पाठीमागून गरम वारा लागला. तो आमच्या पंख्याचा वारा होता हो! पण जिनं जन्मभर ऊनवारा बघून दिवस काढले, ती बाई असा फुकटचा वारा वाया कशी जाऊ देईल? तिनं जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या केल्या आणि स्क्रीनच्या वायरवर ओळीनं टांगल्या, बरोब्बर माझ्या डोक्यावर. संगणकाच्या मागच्या पत्र्याला एक फट होती. तिच्यातून खारं पाणी टपटप माझ्या दातांवर पडू लागलं. मला ओरडता आलं असतं तर माझी बोंब बेटेगावापर्यंत गेली असती.

बोंबील कडकडीत वाळले आणि डब्यात जाऊन बसले. मी मात्र बंद पडलो. स्क्रीनवर अक्षरं उमटली, हार्ड डिस्क सापडत नाही.

मिथुन आला. त्यानं डिस्कची वायर बदलली, विजेची जोडणी बदलली, शेवटी डॉक्टरासारखी मान हलवली. "डिस्क गेली, मावशी. खलास."

"गेली मंजी?" वत्सला किंचाळली. "माजी आय हाय तिच्यात!"

एकनाथनं संगणकाच्या पेटीच्या पाठीत दोन धपाटे घातले. "आमचं इंजिन असंच चालू होतं," तो म्हणाला. आम्ही काही चालू झालो नाही. मग वत्सलानं डिस्क काढून घेतली, पदरात गुंडाळली आणि मिथुनबरोबर रिक्षानं बोईसर गाठलं. पण तिथल्या एकाही दुकानात त्या जुन्या तोंडाला बसेल असं यंत्र नव्हतं. माझ्यासारखा दुसरा मुंबईहून मागवायचा, तर तोवर हळद उरकून गेली असती. दोघं हात हलवत परत आली.

आता शेवटचा उपाय म्हणून मिथुननं मला उपटलं, उजेडात धरलं आणि नाक मुरडलं. "मावशी, इथं मासळी कुठून आली?"

वत्सला खिडकीबाहेर बघू लागली. भाविका त्या वायरकडे बघू लागली. एकनाथला हसू आवरेना. "वत्सले, तू कॉम्प्युटर खारवलास काय!"

वत्सला मात्र हसली नाही. ती मटकन खाली बसली. "माज्याच हातानं घालवली का रे मी आयला?"

 मिथुननं भाविकाकडून खोडरबर मागून घेतलं आणि माझ्या दातांवरचं पांढरं मीठ हलक्या हातानं घासून काढलं. अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मग मला कोरडं करून त्यानं शेजारच्या स्वच्छ खाचेत बसवलं, डिस्क पुन्हा जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली.  मी सगळं बळ दातांत आणलं, आणि डिस्कचं नाव उमटलं! वत्सला रडायला लागली ती थांबेचना. मिथुननं आधी गाणी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, पण बोटाएवढ्या तुकड्यात आई मावेल यावर वत्सलाचा विश्वास बसेना. गाणी पेटीतूनच वाजवायची, असं तिनं बजावलं.

हळदीला आम्हाला ओटीवर मांडलं. तानीआजीचा खणखणीत आवाज मांडवभर घुमला. दुसऱ्या गाण्यात मात्र आजी मध्येच थांबली, खाकरली आणि म्हणाली, "वत्सले, पानी दे गो."

"आनते, आये!" म्हणत वत्सला हळदीच्या हातांनी उठली आणि तांब्या घेऊन आली. पेटीपुढे आल्यावर ती थबकली.  तिनं तांब्या हळूच खाली ठेवला, अगदी माझ्या कुशीला. मिथुन अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला.

मित्रांनो, संगणकाजवळ पाणी ठेवू नका, बोंबील तर मुळीच टांगू नका, अधूनमधून आमची धूळ पुसा, हेच सांगायला मी आलो होतो. पण त्या दिवशी तो तांब्या कुणी उचलला नाही आणि कुणी उचलावा असं मलाही वाटलं नाही. कारण तेवढ्यात माझ्या वाटेनं घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज बाहेर गेला, आणि तानीआजीनं पुढचं कडवं उचललं.